अहीर (मासा)

अहीर : समुद्रात जन्मून नदीत वाढणारा आणि आयुष्याच्या अखेरीस पुन्हा खोल समुद्राकडे जाणारा सर्पाकृती मासा, म्हणजे गोड्या पाण्यातील ईल. शास्त्रीय नाव अँग्विला बेंगालेन्सिस, कुल अँग्विलिडी. भारतीय उपखंडातील नद्या, श्रीलंका, म्यानमार, अंदमान बेटे, इंडोनेशियाचा पश्चिम भाग आणि वेगळ्या उपजातीच्या रूपाने पूर्व आफ्रिका असा त्याचा विस्तार आहे. गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही खोऱ्यांतून त्याची नोंद झालेली असल्यामुळे मराठवाड्याच्या मत्स्यसूचीत त्याला जागा द्यावी लागते. ती जागा आज कितपत खरी उरली आहे, याचा विचार नोंदीतील ‘मराठवाडा’ या भागात केला आहे. अहीर समाज किंवा अहिराणी बोली यांच्याशी या नावाचा संबंध नाही.

नाव व ओळख : ‘अहीर’ हा शब्द संस्कृत ‘अहि’ (सर्प) यावरून आला असे सांगण्याचा मोह होतो. अर्थाच्या अंगाने ही व्युत्पत्ती पटते, पण शेवटचा ‘र’ कुठून आला, याचे समाधानकारक उत्तर तिच्यात मिळत नाही. तेव्हा ती संभाव्य एवढेच म्हणणे बरे. त्याहून मोठा घोटाळा ‘वाम’ या नावाने केला आहे. कोकणात वाम म्हणजे समुद्रातील एक मोठा, लांबट, दातेरी मासा. गोदाकाठी वाम म्हणतात तो मास्टासेम्बेलस अर्माटस, म्हणजे नदीतच जन्मून नदीतच मरणारा काटेरी मासा. खरी ईल हाती आली तर तिलाही अनेकदा वामच म्हटले जाते. तिन्ही मासे लांब आणि बुळबुळीत, एवढेच त्यांचे साम्य. नाते फार दूरचे.

बाजारातल्या टोपलीपाशी फरक ओळखायला शास्त्राची गरज नाही. मासा ओल्या फडक्याने धरून पाठीवरून बोट शेपटीकडून डोक्याकडे न्यावे. नदीच्या वामीच्या पाठीवर तीसहून अधिक सुटे, टोकदार काटे ओळीने असतात. ते लगेच टोचतात. अहिराच्या पाठीला काटा नसतो, बोट शेंबडासारख्या चिकट थरावरून सरकत जाते. वामीचे नाक पुढे आलेल्या छोट्या मांसल सोंडेसारखे असते. अहिराचा खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे असतो, पुढच्या नाकपुड्या बारीक नळ्यांसारख्या दिसतात आणि कल्ल्याच्या चिरेमागे दोन वाटोळे पर असतात. पोटाखालचे पर नसतात. पाठीचा, शेपटीचा आणि गुदामागचा पर एकमेकांत मिसळून एकच सलग झालर तयार होते.

अंग पिवळट-तपकिरी, त्यावर काळसर ठिपक्यांची व नागमोडी डागांची नक्षी; पोट फिकट. खवले असतात, पण लांबट, सूक्ष्म आणि कातडीत रुतलेले, त्यामुळे मासा बिनखवल्यांचा वाटतो. भारतीय किनाऱ्यालगत आढळणारा दुसरा गोड्या पाण्यातील ईल, अँग्विला बायकलर, एकरंगी असतो आणि त्याच्या पाठीचा पर जवळजवळ गुदद्वाराच्या वरून सुरू होतो. अहिराचा त्याच्या बराच पुढून. लांबी २ मीटरपर्यंत आणि वजन ७ किलोपर्यंत नोंदले गेले आहे, तरी नेहमीचे नमुने याच्या निम्म्याहूनही लहान असतात.

शास्त्रीय नावाचा वाद : जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३१ मध्ये या माशाला म्युरिना बेंगालेन्सिस असे नाव दिले. १८३९ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनच्या माशांवरील निबंधात भीमा व तिच्या उपनद्यांमधील ईलचे वर्णन अँग्विला एल्फिन्स्टोनाय या नावाने केले. मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचा तो सन्मान. मॅक्क्लेलंड यांनी १८४४ मध्ये आणखी एक नाव दिले, अँग्विला नेब्युलोसा. डॅनिश अभ्यासक विल्हेल्म एगे यांनी १९३९ मध्ये साऱ्या वंशाची फेरमांडणी केली तेव्हा त्यांनी नेब्युलोसा हेच नाव वापरले, आणि त्यांच्या अधिकारामुळे ते पुढे अनेक दशके टिकले. आजच्या याद्या अग्रक्रमाच्या (सर्वांत आधी दिलेले नाव ग्राह्य धरण्याच्या) नियमानुसार बेंगालेन्सिस हे नाव मान्य करतात व तेच योग्य दिसते. ग्रे यांचे नाव काही कारणाने बाद ठरले असते, तरी पुढचा हक्क कालक्रमाने साइक्स यांच्या दख्खनी नावाचा होता, नेब्युलोसाचा नव्हे. ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही.

आफ्रिकेतील रूपाला (लॅबिएटा, पीटर्स, १८५२) उपजाती मानावे की स्वतंत्र जाती, यावर मतभेद आहेत. एगे यांनी मणक्यांची संख्या आणि पराची सुरुवात यांवरून ते याच जातीत ठेवले. प्रस्तुत नोंदीत तीच मांडणी स्वीकारली आहे.

साइक्स यांच्या नोंदीला मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. भीमेचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळते. पुण्याच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास ईल मिळत होती याचा अर्थ ती पूर्व किनाऱ्यावरून हजाराहून अधिक किलोमीटर प्रवाहाविरुद्ध चढून आली होती. सह्याद्रीपलीकडचा अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिच्या उपयोगाचा नव्हता.

जीवनचक्र : अंड्यातून बाहेर पडणारी अळी पारदर्शक, चपटी, विलो झाडाच्या पानासारखी असते. तिचे रूप प्रौढाशी इतके विसंगत आहे, की कौप यांनी १८५६ मध्ये यूरोपीय ईलच्या अळीला लेप्टोसेफॅलस ब्रेव्हिरोस्ट्रिस हे स्वतंत्र माशाचे नाव देऊन टाकले होते. ती ईलचीच अळी आहे हे ग्रासी व कालांद्रुच्चो यांनी इटलीत १८९६ च्या सुमारास दाखवून दिले. ‘लेप्टोसेफॅलस अळी’ हा शब्द मात्र राहून गेला. अळ्या प्रवाहाबरोबर वाहतात, समुद्रात वरून झिरपणाऱ्या सेंद्रिय कणांवर जगतात, आणि किनाऱ्याजवळ येताच रूप पालटून काचेसारख्या पारदर्शक, दोऱ्यासारख्या पिलांत बदलतात. खाडीत शिरल्यावर अंगावर रंग चढतो.

नदीतला काळ सर्वांत लांब, काही वर्षांपासून दशकाहून अधिक. दिवसा कपारीत, दगडाखाली, काठाच्या मुळांत दडून राहायचे आणि रात्री खेकडे, झिंगे, कीटकांच्या अळ्या, लहान मासे, बेडूक यांवर पोट भरायचे, असा क्रम. डोह आणि खडकाळ तळ यांची त्याला विशेष ओढ. त्वचेतूनही श्वसन होत असल्याने कातडी ओली असेपर्यंत तो पाण्याबाहेर बराच वेळ तग धरतो, ओल्या गवतातून सरपटत दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. वय कानातील सूक्ष्म चुनखडी खड्यावरून (कर्णाश्म) मोजतात. खडा घासून पातळ केला की भिंगाखाली झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. त्याच खड्यातील स्ट्राँशियम व कॅल्शियम यांच्या प्रमाणावरून मासा किती काळ खाऱ्या आणि किती काळ गोड्या पाण्यात होता, हेही सांगता येते.

या वंशात लिंग जन्मतः पक्के नसते. वाढीच्या काळातील दाटी व परिस्थिती यांवर ते बऱ्याच अंशी ठरते. दाटी असलेल्या खाडीत नर अधिक, दूर वरच्या विरळ पाण्यात माद्या अधिक, असे इतर जातींत आढळले आहे. त्या न्यायाने मराठवाड्यापर्यंत पोचलेले अहीर बहुतेक माद्याच असणार. व्याकरणाने मात्र त्यांना पुल्लिंगी करून ठेवले आहे.

पक्वता येऊ लागली की पिवळट अंगावर रुपेरी झाक येते, पोट पांढरे होते, डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते. यापुढे मासा खात नाही. साठवलेल्या चरबीवर, पुराच्या पाण्याबरोबर, शक्यतो अंधाऱ्या रात्री तो खाली निघतो. समुद्रात तो किती खोल जातो, याची मोजमापे प्रामुख्याने यूरोपीय ईलची आहेत. उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रे अंगावर लावलेल्या माद्या रात्री सुमारे २०० ते ३०० मीटर खोलीवर पोहत होत्या. उजाडताच ५०० मीटरखाली, कधी १,००० मीटरपर्यंत उतरत होत्या. पैठणच्या नाथसागर धरणाची उंचीच सुमारे ४१ मीटर आहे, यावरून नदीतल्या माशाला कोणत्या दाबाशी जुळवून घ्यावे लागते याची कल्पना यावी. समुद्रात एकदाच प्रजनन होते आणि मग मृत्यू.

जन्मस्थानाचा प्रश्न : अँग्विला वंशात जाती-उपजाती मिळून १९ प्रकार मानतात, त्यांपैकी मोजक्यांचेच जन्मस्थान निश्चित आहे. योहानेस श्मिट यांनी वर्षानुवर्षे अधिकाधिक लहान अळ्यांचा माग काढत १९२२ मध्ये यूरोपीय ईलचे जन्मस्थान सारगासो समुद्रात असल्याचे मांडले. जपानी ईलची अंडी तर थेट समुद्रातून मिळाली. मे २००९ मध्ये पश्चिम मेरियाना कटकाच्या दक्षिण भागात जपानी संशोधकांच्या जाळ्यात ३१ अंडी आली, प्रत्येकी सुमारे १.६ मिमी व्यासाची. हिंदी महासागरात असे यश आलेले नाही. येथील सारा युक्तिवाद अळ्यांच्या आकारावर उभा आहे.

‘डाना’ या डॅनिश जहाजाने १९२८–३० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करताना गोळा केलेल्या अळ्यांचा अभ्यास पोल येस्पर्सन यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. सुमात्राच्या पश्चिमेस, मेंतावाई बेटांच्या बाजूच्या खोल पाण्याकडे बोट दाखवले जाते ते या संग्रहामुळे. आक्षेप असा, की मणक्यांची संख्या जवळपास सारखी असलेल्या जाती अळीच्या अवस्थेत एकमेकींपासून वेगळ्या काढणे केवळ आकृतीवरून कठीण असते, आणि त्या काळी जनुकीय तपासणी नव्हती. दुसरी शक्यता बंगालच्या उपसागराची. अंतर कमी, खोलीही पुरेशी. पण तिथे साधारण १०० मीटरखाली प्राणवायू फारच कमी असलेला जाड थर आहे, वरच्या थरात नद्यांचे गोडे पाणी मिसळलेले असते, आणि किनारी प्रवाह ऋतूप्रमाणे दिशा बदलतो : उन्हाळ्याआधी उत्तरेकडे, पावसाळा संपल्यावर दक्षिणेकडे. ज्ञात जन्मस्थाने सारी उबदार, खारट, स्थिर क्षारतेच्या महासागरी पाण्यात आहेत. हे पाहता सुमात्राचे मत अधिक ग्राह्य वाटते. आफ्रिकी उपजातीसाठी मादागास्करच्या पूर्वेकडील समुद्र सुचवला जातो. तसे असेल तर दोन उपजाती मानण्यास आधारच मिळतो.

मराठवाडा : आठही जिल्हे समुद्रापासून दूर, तरी पाणी जवळजवळ सगळे पूर्वेकडेच जाते. बहुतेक भाग गोदावरीच्या खोऱ्यात. धाराशिव आणि बीडच्या काही भागातून सीना, बोरी यांसारख्या नद्या भीमेकडे वळतात. गोदावरीची एकूण लांबी १,४६५ किमी. नांदेड जिल्ह्याच्या सीमेवरूनही समुद्र सुमारे साडेसातशे किमी उरतो.

पहिला मोठा बांध धवळेश्वरमचा, आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८५२ मध्ये पुरा झालेला. ईलचे बोटभर पिलू ओल्या, शेवाळलेल्या भिंतीला अंग चिकटवून चढू शकते. अंग वाढल्यावर ही किमया जाते. बुटका, वरून सतत पाणी वाहणारा बंधारा त्यामुळे पूर्ण अडसर ठरत नाही. उंच दरवाजांचे धरण ठरते. पैठणचे धरण (पायाभरणी १९६५, उद्घाटन १९७६) आणि तेलंगणातील श्रीराम सागर यांनी गोदावरीचा मुख्य प्रवाह अडवला. पूर्णेवर येलदरी व सिद्धेश्वर, सिंदफणेवर माजलगाव, मांजरेवर धनेगाव आणि त्याखाली १९३१ पासूनचे निजामसागर. उपनद्यांची तऱ्हा वेगळी नाही.

नांदेड जिल्ह्यात गोदावरीवर असलेल्या बाभळी बंधाऱ्याचे उदाहरण बोलके आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्यामागचा वाद पाण्याच्या वाटपाचा, माशांचा विचार त्यात कुठेच नव्हता. तरी नेमके पुराचे, म्हणजे ईलच्या हालचालीचे महिने मोकळे मिळाले. उपयोग मात्र नाही, कारण बाभळी श्रीराम सागराच्या फुगवट्यातच आहे. दार उघडे, पण अंगणाचे फाटक बंद.

मराठवाड्यात अहीर शोधायचाच असेल तर तो नाथसागरात नव्हे, पैनगंगेत शोधावा, असे नोंदकाराचे मत आहे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला मिळते ती श्रीराम सागराच्या बरीच खाली. म्हणजे ही वाट त्या धरणाला वळसा घालते. तिच्यावर धवळेश्वरम, अलीकडचे मेडिगड्डा आणि पैनगंगेवरचे चनाखा-कोरटा हे अडथळे आहेतच. वर किनवटच्या बाजूला सहस्रकुंडाचा धबधबा आहे, जो पिलांना ओल्या कातळावरून चढता यावा. इसापूर धरणाशी ही वाट संपते. धरणांच्या वर सापडणारा एखादा मोठा अहीर वाट बंद होण्याआधी वर आलेला, किंवा बाहेरून आणून सोडलेला, असा तर्क करता येतो. बंद तलावात त्याची वीण होत नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ही जाती ‘संकटसमीप’ गटात आहे.

उपयोग : मांस चरबीयुक्त, रुचकर. भोई व कोळी मासेमार गळाला गांडूळ किंवा झिंगा लावून रात्री पकडतात. साफ करताना चिकटा जाण्यासाठी चुलीच्या राखेत घोळवून मग कातडी सोलतात. कच्च्या रक्तात विषारी प्रथिन असते, ते डोळ्यांना व जखमेला झोंबते. शिजवल्यावर निष्प्रभ होते.