कुलपाचा आकडा ब्युरेटमधून

खोलीत शिरायचे, तिथली कोडी सोडवायची आणि वेळ संपण्याआधी बाहेर पडायचे, हा ‘एस्केप रूम’ नावाचा खेळ पूर्वी संगणकाच्या पडद्यावरच होता; जपानमधील क्योतो येथे ताकाओ कातो यांनी २००७ साली तो प्रत्यक्ष खोलीत आणला. पुढे तो विद्यापीठांतील रसायनशास्त्राच्या आणि परिचर्येच्या वर्गांतही शिरला. वर्गात मात्र दाराला कुलूप कधीही लावू नये. पोलंडमधील कोशालिन शहरात जानेवारी २०१९ मध्ये अशाच एका खोलीला आग लागून पाच शाळकरी मुली दगावल्या. कुलूप पेटीला लावले तरी खेळाची गंमत तेवढीच राहते.

गोव्यातील एखाद्या महाविद्यालयाला यासाठी फार खर्च येणार नाही. खरी कसोटी लागते ती कोडे रचताना, कारण विषय समजल्याशिवाय कुलूप उघडता कामा नये. मांडवीच्या पाण्याचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह रोडावतो, भरतीचे पाणी आत दूरवर शिरते आणि नदीच्या वरच्या अंगाच्या गांज्याकडून मुखाजवळच्या मिरामारकडे येताना पाण्याचा खारटपणा वाढत जातो. गांजे, सारमानस, जुने गोवे आणि मिरामार येथील पाणी, शिवाय आगरवाड्याच्या मिठागरातील आटत आलेले पाणी, अशा पाच बाटल्यांवर गावांची नावे न घालता फक्त क्रमांक घालायचे आणि पाच जणांच्या गटाला त्यांतील क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, मोजायला सांगायचे. पाण्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालून ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या मापाच्या काचनळीतून, सिल्व्हर नायट्रेट सोडले की आधी पांढरा साका येतो आणि क्लोराइड संपताच विटकरी रंग टिकून राहतो; तोवर किती सिल्व्हर नायट्रेट लागले यावरून क्लोराइड कळते. सिल्व्हर नायट्रेट बोटांवर काळे डाग पाडते आणि क्रोमेट विषारी आहे, तेव्हा हातमोजे हवेतच आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतायचे नाही. चव घेऊन उत्तर काढण्याचा मोह कोणाला तरी होणारच. त्याला आधीच बजावलेले बरे.

आता कुलपाचा आकडा कशावरून काढायचा? इथे बहुतेक शिक्षक फसतील. समुद्राचे पाणी दहापट पातळ करून त्यातले १० मिलिलिटर घेतले, तर ०.१ मोलार तीव्रतेचे सिल्व्हर नायट्रेट सुमारे ५.५ मिलिलिटर लागते. एका गटाला ५.४ मिळेल, दुसऱ्याला ५.५, दोघांचेही काम चोख असेल, पण कुलूप एकाचेच उघडेल. पूर्णांकात बदलावे तर एकाचे ५ होतात आणि दुसऱ्याचे ६. प्रत्येक मोजमापात थोडी अनिश्चितता असते, आणि कुलपाला ती कळत नाही. म्हणून ब्युरेटवर वाचलेला आकडा न वापरता बाटल्यांचा क्रम वापरावा: सर्वांत गोड्या पाण्यापासून सर्वांत खाऱ्या पाण्यापर्यंत बाटल्यांचे क्रमांक ओळीने लावले की पाच अंकी आकडा तयार होतो. थोडीफार चूक झाली तरी क्रम बदलत नाही. तीनच बाटल्या ठेवल्या तर क्रम अवघे ६ होतात आणि ते मुले मिनिटभरात फिरवून पाहतील. पाच बाटल्यांचे १२० होतात. शिवाय पाच जणांनी पाच ब्युरेट सांभाळल्याशिवाय तासाभरात काम उरकत नाही, त्यामुळे एकट्याने सगळे करून इतरांना बघत बसवणाऱ्या हुशार मुलाचीही सोय राहत नाही. पाणी जितके खारे तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त, त्यामुळे टेबलावर ती मोजणारे यंत्र दिसले तर ब्युरेटला कोणी हात लावणार नाही. पण ते सुचणे हीही समजच आहे, आणि माझ्या मते ती वाट बंद करू नये.

अशा वर्गांवर झालेल्या अभ्यासांत मुलांचा उत्साह ठळकपणे दिसतो. ती नेहमीपेक्षा जास्त शिकतात याचे पुरावे तितके भक्कम नाहीत. त्यामुळे पेटी उघडल्यानंतरची अर्धा तासाची चर्चा गाळता येत नाही. प्रत्येक बाटली कुठली असावी हे नकाशावर मांडून पाहायचे, दोन गटांच्या वाचनांत फरक का आला ते शोधायचे, आणि हेच नमुने जुलैत घेतले असते तर क्रम किती स्पष्ट राहिला असता याचा अंदाज बांधायचा. लागलेल्या वेळेवर गुण देऊ नयेत, नाहीतर मुले घाईघाईने तोटी सोडतात आणि विटकरी रंग हुकतो. सकाळच्या तुकडीने फोडलेला आकडा दुपारच्या तुकडीपर्यंत जेवणाच्या सुट्टीतच पोहोचतो, म्हणून बाटल्यांवरचे क्रमांक आणि कुलपाची जुळणी दर वेळी बदलावी लागते.