कझिन बेट: नारळ हटवून पक्षी वाचवला, त्यामागची गोष्ट

हिंदी महासागरातल्या सेशेल्स या द्वीपदेशात, प्रालिन बेटाजवळ कझिन नावाचं बेट आहे, जेमतेम ३० हेक्टरचं. विसाव्या शतकात तिथलं मूळ जंगल जाऊन सगळीकडे नारळाच्या बागा झाल्या, खोबऱ्याला भाव होता ना. त्यात सेशेल्स वॉर्बलर हा चिमुकला पक्षी इतका कमी झाला की १९६८ साली अख्ख्या जगात ३० पेक्षा कमी उरले, आणि तेही फक्त याच बेटावर! मग इंटरनॅशनल कौन्सिल फॉर बर्ड प्रिझर्वेशनने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ या पक्षी वाचवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, सरळ बेटच विकत घेतलं. नारळाची रोपं उगवली की काढून टाकायची, पिसोनियाची झाडं वाढू द्यायची, एवढंच. कोकणातल्या माणसाला हे ऐकून कसंतरीच होईल, पण या पक्ष्याचं पोट पानांखालच्या किड्यांवर चालतं आणि ते किडे पिसोनियावर भरपूर.

उंदीर तिथे कधी पोचलेच नाहीत आणि अजूनही पोचू देत नाहीत. टुरिस्टची बोट किनाऱ्याला लागूच देत नाहीत, बेटाची स्वतःची छोटी बोट येते आणि त्यातूनच उतरायचं. १९८८ मध्ये २९ पक्षी अरिद बेटावर नेले, नंतर कझीन (Cousine, हे कझिनहून वेगळं बेट), डेनिस, फ्रेगेट, आता पाच बेटांवर मिळून ३ हजारांच्या आसपास पक्षी आहेत.

पण हे सगळं झालं जमिनीवर. १९९८ च्या एल निनोत समुद्र इतका तापला की सेशेल्सच्या आतल्या बेटांभोवतीचं जवळपास ९०% जिवंत प्रवाळ गेलं, म्हणजे बेट राखीव असून काही उपयोग नाही, गरम पाणी काय परवानगी घेऊन येतं? हॉक्सबिल कासवांचंही तसंच, १९९४ च्या बंदीने मारणं थांबलं, पण अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू तापली की माद्याच जास्त.

२०१० पासून नेचर सेशेल्स या कझिन सांभाळणाऱ्या संस्थेने बेटाजवळ पाण्याखाली दोरांवर प्रवाळाचे तुकडे वाढवायला घेतले, ९८ च्या तडाख्यातून जगलेल्या वसाहतींमधून निवडून, कारण तेच जरा चिवट. २४ हजारांहून जास्त तुकडे खडकांवर लावून झाले, तोच २०१६ ला पुन्हा समुद्र तापला.