टाकीज आपलं, वहीत मात्र ‘निझाम’

पिक्चरच्या धंद्यात मराठवाडा अजूनही निझामातच आहे. नव्या पोरांना खोटं वाटेल, पण हिंदी पिक्चरचे हक्क देशाच्या टेरिटरी, म्हणजे वाटण्या पाडून विकतात आणि त्या वाटणीत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, लातूर, धाराशिव हे सगळं तेलंगणा आणि बिदर-गुलबर्गा-रायचूरसोबत ‘निझाम’ नावाच्या एकाच खान्यात बसतं. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला निझामाच्या राजवटीतून सुटलो, १९५६ ला मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला, आता तर जिल्ह्यांची नावंही बदलली, वितरकाच्या वहीतला खाना मात्र तोच.

या शब्दावरून आमच्याकडं लोक अजून भांडतात. ज्यांच्या घरातली माणसं मुक्तिसंग्रामात जेलात गेली त्यांना हे नाव ऐकवत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. दुसरे म्हणतात, अरे विदर्भालाही धंद्यात सीपी-बेरार, हे इंग्रजांच्या वेळच्या प्रांताचंच नाव आहे, जुन्या नकाशाची खूण आहे नुसती, सोडून द्या. मला ती नुसती खूण वाटत नाही. खाना वेगळा म्हणजे हक्क वेगळे, हक्क वेगळे म्हणजे ज्यानं निझाम विकत घेतलं त्याच्याकडं टाकीजवाल्यानं जायचं, आणि त्याचं लक्ष आधी हैदराबाद-सिकंदराबादच्या मोठ्या थेटरांवर. आपल्याकडं प्रिंट, म्हणजे पिक्चरची रिळं, यायची ती तिथं रगडून झाल्यावर. मुंबई मनमाडवरनं एका रात्रीची, पण पिक्चर बऱ्याचदा उलट्या बाजूनं, पूर्णा-नांदेडकडनं पेटीत बसून यायचा. मराठी पिक्चरचं तर विचारूच नका, पुण्या-कोल्हापुरात गाणी तोंडपाठ झाल्यावर आमच्याकडं पोस्टर लागायचं.

त्याच्या आधीचं थोडक्यात सांगतो. १९३१ ला बोलपट आला, टॉकीज हा शब्द पडला, आपण त्याचं टाकीज केलं. तेव्हा निझामाच्या संस्थानात सरकारी कामकाज उर्दूत. त्यामुळं पडद्यावरची उर्दू आमच्या आजोबांच्या पिढीला कधी परकी वाटली नाही, मराठी बोलणारा शेतकरी आणि मोहल्ल्यातला चाचा एकाच डायलॉगला शिट्टी मारायचे. हे पुण्याच्या थेटरात तसं नसणार असं माझं मत आहे.

मी बघितलेला काळ म्हणजे १९८० नंतरचा. आमच्या मोहल्ल्यातलं टाकीज, पुढं लाकडी बाकं, मागं खुर्च्या, वर बाल्कनी, बायकांना वेगळी बाजू आणि वेगळी खिडकी. रिक्षाला भोंगा बांधून गल्लीगल्लीत पुकारा व्हायचा. वर केबिनमध्ये दोन मशिनी, एका स्पूलवर वीसेक मिनिटांचा पिक्चर, ते संपायच्या आत दुसरी मशीन चालू करायची, आत कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि जळतील तशा त्या जवळ आणत राहायच्या, ऑपरेटर चहाला गेला की पडदा पिवळा पडायचा आणि खालून आरडाओरडा. पण खरी गंमत मशिनीत नव्हती. नवी प्रिंट उशिरा मिळणार हे ठरलेलंच, म्हणून मालकाला गाव ओळखून पिक्चर लावावा लागायचा. ईदला कोणता, दिवाळीला कोणता, कापूस विकून लोकांच्या हातात पैसा आला की कोणता, बारावीच्या परीक्षेत हॉल रिकामा राहणार तेव्हा कोणता जुना स्वस्तात आणायचा, हे सगळं तो कुणाला न विचारता ठरवायचा, आणि वीस वर्षं जुना पिक्चर मॅटिनीला लावून हाऊसफुल्लचा बोर्डही लावायचा. दुष्काळाच्या साली मात्र कुणाचंच डोकं चालायचं नाही, मोंढ्यात आवक नाही तर खिडकीवर कोण येणार.

मग मार एकामागून एक बसले. आधी व्हिडिओ, एका खोलीत टीव्ही ठेवून दोन-दोन रुपयात पिक्चर दाखवायचे. १९९० नंतर केबल, केबलवाला तर रिलीजच्याच आठवड्यात घरी पिक्चर. २००५ नंतर लोडशेडिंग, जनरेटरच्या डिझेलमध्येच शोची कमाई. त्याच सुमारास सॅटेलाइटवरून डिजिटल पिक्चर यायला लागला, आणि ही एक गोष्ट टाकीजच्या बाजूची झाली, कारण प्रिंटची वाट बघणं संपलं, हैदराबादला आणि हिंगोलीला एकाच शुक्रवारी पिक्चर लागायला लागला. फक्त तोपर्यंत मल्टिप्लेक्सही आलं होतं.

कराचंही सांगायला पाहिजे. १ जुलै २०१७ ला करमणूक कर गेला आणि जीएसटी आला, १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला १८ टक्के, वरच्याला २८. स्वस्त तिकीट विकणाऱ्याला १८ टक्के हे अन्यायाचंच होतं. १ जानेवारी २०१९ पासून १२ आणि १८ झालं, सप्टेंबर २०२५ पासून १०० पर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के. मधे मार्च २०२० ला कुलूप लागलं, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडलं, परत बंद, ते २२ ऑक्टोबर २०२१ लाच परत उघडलं, तेही निम्म्याच खुर्च्यांवर. काहींचं कुलूप निघालंच नाही. त्यात टाकीज पाडलं तरी त्या जागेवर परत काही खुर्च्यांचं थेटर काढायची अट असल्यानं मालक ना चालवतो ना पाडतो, आणि झाडं उगवलेल्या बाल्कन्या मोक्याच्या जागी तशाच उभ्या आहेत. अटीवर मालक चिडतात, मला मात्र ती अट ठीकच वाटते.

आमच्या मोहल्ल्यातलं चालू आहे. बाल्कनी ८० रुपये, बायकांची खिडकी अजून वेगळी, बाकं जाऊन खुर्च्या आल्या. आता मालकाचा नातू बघतो. हप्ताभर आधीच पानाच्या टपरीवर येऊन विचारतो, ईदला कोणता लावू.