तारापोरवाला मत्स्यालय: खाऱ्या पाण्यावर उभं, खाऱ्या हवेनं थकलेलं

बाहेरगावच्या पाहुण्यांना मुंबई दाखवायची म्हटलं की चर्नी रोडला उतरून मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला ठरलेलंच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत त्याचं दार लागलं. टाळेबंदी उठली, दार मात्र उघडलं नाही.

जिवंत मासे काचेमागे ठेवून लोकांना दाखवण्याचा प्रघात १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुरू झाला. आपल्याकडे मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय आलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेही बंद पडलं. मुंबईचं १९५१ चं. खर्च ८ लाख रुपये, त्यातले २ लाख पारशी दानशूर तारापोरवाला यांचे, म्हणून नाव त्यांचं. उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं. कारभार सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे.

मत्स्यालयाला समुद्राचा शेजार सोयीचा, तो नुसत्या देखाव्यापुरता नाही. समुद्री मासा जगवायचा तर खारं पाणी हवं, आणि तेही निवळलेलं. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ होतं, त्याचा खारटपणाही उतरतो. म्हणून पाणी साठवा, गाळ बसू द्या, गाळून घ्या, हवा सोडत राहा. पंप तासभर बंद पडला तरी जीव टांगणीला. प्रेक्षकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो अंधाऱ्या दालनातला उजळलेला चौकोन आणि काचेला नाक लावलेलं पोर. मागे उभं कुणीतरी हमखास म्हणणार, ‘याचं कालवण काय लागतं!’ मासे खाणाऱ्या शहरातलं मत्स्यालय हे असंच असायचं.

पण हाच शेजार इमारतीला बाधतो. खारी, दमट हवा काँक्रीटमध्ये शिरते, आतल्या सळया गंजतात, गंज फुगतो आणि गिलाव्यासकट काँक्रीटचे पोपडे सुटतात. रंग दिला की वर्षभर झाकलं जातं, इतकंच.

मोठी डागडुजी करून मत्स्यालय २०१५ मध्ये पुन्हा खुलं झालं. १२ फुटी ॲक्रिलिकचा बोगदा आला, नव्या दिव्यांनी टाक्या झगमगल्या, रांगा लागल्या. हे सगळं जुन्याच सांगाड्यात बसवलेलं, आणि माझ्या मते खरी चूक तीच. पाच वर्षांत टाळेबंदी आली. पुढे इमारत धोकादायक ठरली आणि ती पाडून नवं मत्स्यालय बांधायच्या गोष्टी सुरू झाल्या.