वगळलेली अकरा कार्टून्स आणि सोळा एमएमचे संग्राहक

१९६८ साली युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकन कंपनीने टीव्ही केंद्रांना द्यायच्या यादीतून अकरा कार्टून्स काढून टाकली. सगळी वॉर्नर ब्रदर्ससाठी १९३१ ते १९४४ या काळात तयार झालेली, सात-आठ मिनिटांची, मुळात चित्रपटगृहात मुख्य सिनेमाआधी दाखवायची. इतर कार्टून्समध्ये एखादा आक्षेपार्ह प्रसंग असला की तेवढा तुकडा कापून काम भागायचं. या अकरांमध्ये कृष्णवर्णीयांची टिंगल हाच कथेचा कणा होता. जाड ओठ, टरबुजाचं वेड, फाशांचा जुगार, अंगात मुरलेला आळस; एवढं कापल्यावर हातात फक्त नामावली उरली असती. म्हणून अख्खी रिळंच बाजूला पडली. यात सरकार नव्हतं, सेन्सॉर बोर्ड नव्हतं, कोर्टही नव्हतं. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली तेच हे वर्ष. असला माल मुलांच्या वेळेत टीव्हीवर चालायचा नाही, एवढं मालकाच्या लक्षात आलं होतं.

वगळलेल्यांची ही यादी पुढे संग्राहकांची खरेदीची यादी झाली. पण मालकाने आत ठेवलेली कार्टून्स बाहेर मिळत होती कशी, हे समजायला आणखी मागे जावं लागतं.

चित्रपटगृहातली प्रिंट ३५ एमएमची, म्हणजे ३५ मिलिमीटर रुंद फिल्मची, आणि १९५० च्या सुमारापर्यंत नायट्रेट फिल्मवरची असे. नायट्रेट भडकन पेटतं आणि पेटलं की पाण्यालाही दाद देत नाही, त्यामुळे ते घरात ठेवायची सोय नव्हती. कोडॅकने १९२३ मध्ये १६ एमएम आणलं ते सुरुवातीपासून न भडकणाऱ्या अॅसिटेटवर, आणि घरगुती प्रोजेक्टरचा बाजार तिथून सुरू झाला. कोडॅकची कोडास्कोप लायब्ररी सिनेमे भाड्याने द्यायची. पुढे कॅसल फिल्म्ससारख्या कंपन्या कार्टूननिर्माते वॉल्टर लँट्झ यांच्या कार्टून्सची छोटी रिळं चक्क विकू लागल्या. ही रिळं कायदेशीर विकत घेतलेली, कुणी परत मागणार नाही अशी. मूकपटांच्या काळातली कितीतरी कार्टून्स आज उरली आहेत ती अशा घरगुती प्रतींमुळेच, कारण स्टुडिओंनी स्वतःचे नायट्रेट चांदी काढून घेण्यासाठी वितळवलं, नाहीतर कुजू दिलं.

खरा पूर आला तो टीव्हीमुळे. १९४८ च्या अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर स्टुडिओंना चित्रपटगृहांच्या गळ्यात सिनेमांचे गठ्ठे बांधता येईनात आणि कार्टूनचा धंदा आतबट्ट्याचा होत गेला. जुनी कार्टून्स तर मेलेला माल. वॉर्नरने १९५६ मध्ये १९५० पूर्वीचे आपले सिनेमे आणि १९४८ च्या मध्यापर्यंतची बहुतेक रंगीत आणि काही सुरुवातीची कृष्णधवल कार्टून्स असोसिएटेड आर्टिस्ट्स प्रॉडक्शन्सला, म्हणजे एएपीला, २ कोटी १० लाख डॉलरना फुंकून टाकली. दोन वर्षांत एएपी युनायटेड आर्टिस्ट्सच्या घशात गेली. या व्यवहारात १६ एमएमच्या प्रतींचे ढीग तयार झाले. प्रत्येक गावच्या टीव्ही केंद्रात रोज संध्याकाळी कार्टून लागायचं आणि त्यासाठी कपाटात रिळं लागायची. १६ एमएमवर सात मिनिटांच्या कार्टूनला साधारण २५० फूट फिल्म लागते. हातात सहज मावणारं रीळ. करार संपले, व्हिडिओ टेप आली, तशी ही रिळं कचऱ्यात, भंगारात किंवा केंद्रातल्या एखाद्या तंत्रज्ञाच्या डिकीत गेली. १९६८ च्या आधी पाठवलेल्यांत ती अकरासुद्धा होती.

म्हणजे परत मागवायच्या आधीच सुटलेले हे कैदी होते. बाजारात त्यांना भाव आला तो ‘मिळत नाही’ या एका गुणावर.

संग्राहकाची नजर सिनेमा बघण्याच्या आधी फिल्म बघते. प्रिंटच्या कडेला, छिद्रांच्या ओळीजवळ, कोडॅक बारीक गोल, चौकोन, त्रिकोण छापत असे. त्या खुणांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं, पण खुणांचा क्रम वीस वर्षांनी पुन्हा तोच यायचा. त्यामुळे १९४६ की १९६६, हे बाकीच्या पुराव्यावरून ठरवावं लागतं. दुसरी तपासणी रंगाची. टेक्निकलरच्या जुन्या पद्धतीत तीन रंग छापखान्यातल्यासारखे एकावर एक उमटवले जात, आणि ते आजही तसेच्या तसे आहेत. ईस्टमनकलर १९५० मध्ये आलं, स्वस्त पडलं, सगळ्यांनी घेतलं. त्यातला निळा-हिरवा आधी उडतो आणि पंचवीस-तीस वर्षांत अख्खं कार्टून गुलाबी होतं. रीळ उलगडून पांढऱ्या कागदासमोर फूटभर धरलं आणि सावल्या काळ्याऐवजी तांबूस दिसल्या, की समजायचं, भाव पाडून मागायला हरकत नाही. तिसरी तपासणी नाकाने. अॅसिटेट सडायला लागलं की त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि डबा उघडताच व्हिनेगरचा भपकारा येतो. असा डबा बाकीच्यांपासून लांब ठेवतात, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही नासवते.

हा सगळा छंद बराच काळ अर्धवट चोरीचा होता. स्टुडिओंचं म्हणणं असं, की आम्ही प्रिंट कधी विकतच नाही, भाड्याने देतो. मग तुमच्याकडे आली ती चोरीचीच. संग्राहकांचं म्हणणं, एकदा विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हक्क संपतो आणि कंपन्यांनी भंगारवाल्याला फिल्म विकलेली आहेच. डिसेंबर १९७४ मध्ये एफबीआयने अभिनेते रॉडी मॅकडॉवल यांच्या घरावर धाड घालून दीडशेहून अधिक फिल्म आणि हजारावर व्हिडिओ कॅसेट उचलून नेल्या. त्यांच्यावर खटला झाला नाही, पण धसका सगळ्यांनी घेतला. लोकांनी संग्रह नातेवाइकांच्या माळ्यावर हलवले, ओळखीशिवाय बोलणं बंद केलं. १९७७ मध्ये पश्चिम अमेरिकेसाठीच्या केंद्रीय अपील कोर्टाने अशा खटल्यांत सरकारला अडवलं: प्रतीची पहिली विक्री झालीच नव्हती हे सरकारने सिद्ध केलं पाहिजे. बऱ्याच आरोपांत ते सिद्ध झालं नाही आणि हळूहळू वातावरण निवळलं.

गंमत अशी, की ज्यांच्यामागे पोलीस लागले त्यांच्याच दारात पुढे स्टुडिओंना जावं लागलं. वॉर्नरने १९४३ पासून जुनी कार्टून्स ‘ब्लू रिबन’ म्हणून पुन्हा प्रदर्शित केली तेव्हा मूळ निगेटिव्हची सुरुवातीची नामावली कापून नवी चिकटवली; जुनी फेकून दिली. दिग्दर्शक कोण, अॅनिमेटर कोण, हे पडद्यावरून पुसलं गेलं. पॅरामाउंटने १९५५ मध्ये आपली बेटी बूपसारखी कार्टून्स टीव्हीला विकली तेव्हा आपलं नाव आणि तो प्रसिद्ध डोंगर काढून टाकण्याची अट घातली. आज जिथे मूळ नामावली परत जोडलेली दिसते, तिथे बहुतेक वेळा कुणाच्या तरी कपाटातली एखादी जुनी प्रत कामाला आलेली असते. मे १९७८ मध्ये रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसमधला नायट्रेटचा साठा जळाला, त्यात एमजीएम स्टुडिओच्या जुन्या कार्टून्सच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. तिथले दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांची त्या काळातली कार्टून्स दुरुस्त करताना आजही दुय्यम प्रतींवरच भिस्त ठेवावी लागते.

मराठी वाचकाला हे दुखणं नवं नाही. दादासाहेब फाळक्यांनी आगकाड्या एकेक करून हलवत केलेला ‘आगकाड्यांची मौज’ आज नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्याच जागेत, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट साठा जळाला आणि प्रभातच्या मूळ रिळांचीही राख झाली. सरकारी असो की खासगी, एकाच ठिकाणी ठेवलेली एकमेव प्रत कधी ना कधी जातेच.

आता वादाच्या गाभ्याकडे. त्या अकरांतलं सगळ्यात गाजलेलं कार्टून म्हणजे वॉर्नरचे दिग्दर्शक बॉब क्लॅम्पेट यांचं १९४३ चं ‘कोल ब्लॅक अँड डी सेबेन ड्वॉर्फ्स’. हिमगौरीची गोष्ट, पात्रं कृष्णवर्णीय, पार्श्वभूमीला युद्धकाळ आणि सतत वाजणारं जॅझ. क्लॅम्पेट सांगत, की जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा १९४१ चा ‘जंप फॉर जॉय’ हा रंगमंचीय कार्यक्रम त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये पाहिला आणि त्यातल्या कलाकारांनीच ‘आमच्यावर कार्टून का नाही?’ असं विचारलं. चित्रकारांना घेऊन ते क्लब अलाबाममध्ये नाच बघायला गेले. नायिकेचा आवाज व्हिव्हियन डँड्रिज यांचा, राजपुत्राचा लिओ वॉटसन यांचा. संगीत पूर्णपणे कृष्णवर्णीय वाद्यवृंदाकडून वाजवून घ्यायची क्लॅम्पेट यांची इच्छा होती, पण निर्मात्याने नकार दिला आणि एडी बील यांच्या वाद्यवृंदाला शेवटचा भागच मिळाला. हालचालीचा वेग आणि चित्रांचा ताण या बाबतीत हे काम अव्वल आहे. १९९४ मध्ये अॅनिमेशनमधल्या जाणकारांच्या मतांवरून सर्वोत्तम पन्नास कार्टून्स निवडली गेली, त्यात हे होतं.

आणि तरीही चेहरे तेच आहेत. राजपुत्राच्या दातांच्या जागी फासे आहेत. ‘तेव्हा असंच चालायचं, कुणाला काही वाटत नव्हतं’ ही पळवाट संग्राहकांच्या गप्पांत फार ऐकू येते आणि ती साफ खोटी आहे. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने १९४३ मध्येच या कार्टूनवर आक्षेप घेतला होता. वॉल्टर लँट्झच्या ‘स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट’चं पुनर्प्रदर्शन झालं तेव्हा, १९४८ मध्ये, याच संघटनेने पुन्हा आवाज उठवला आणि युनिव्हर्सलला ते मागे घ्यावं लागलं. ज्यांना वाटत होतं ते बोलत होते, ऐकणारे नव्हते.

मला स्वतःला मालकांनी लपवणं आणि मालकांनी कापणं यांत कापणं जास्त अप्रामाणिक वाटतं. लपवलेलं निदान आहे तसं राहतं. डिस्नेने ‘फँटेजिया’मधली खुरांना पॉलिश करणारी काळी सेविका साठच्या दशकात काढून टाकली आणि कित्येक वर्षं ती नव्हतीच असं दाखवलं. टॉम अँड जेरीमधली ती फक्त पाय दिसणारी बाई आपल्याकडे नव्वदच्या दशकात वाढलेल्या प्रत्येकाला आठवते. १९९५ मध्ये भारतात आलेलं कार्टून नेटवर्क टर्नर या कंपनीच्या भांडारावर उभं होतं; एमजीएमची आणि वॉर्नरची ही जुनी कार्टून्स तोवर तिच्याकडे आली होती आणि पुढे तिच्यासकट वॉर्नरकडे परत गेली. मूळ आवाज लिलियन रँडॉल्फ यांचा होता. टीव्हीसाठी तो काही वेळा बदलला गेला, आणि काही कार्टून्समध्ये तिच्या जागी गोरी बाई नव्याने चितारून घातली. आपण नेमकं काय पाहिलं, हे ताडायलाही न कापलेली जुनी प्रत लागते.

अर्थात सगळे संग्राहक इतिहासाचे पाईक होते असंही नाही. युद्धकाळातली जपानी लोकांची विटंबना करणारी कार्टून्स, गुलामगिरीवरचे विनोद, हे खास मागून घेणारे आणि मित्रमंडळीत हसण्यासाठी लावणारे गिऱ्हाईक होतेच. ‘बंदी घातलेलं’ अशी चिठ्ठी लावून गुलाबी पडलेली, तिसऱ्या हाताची नक्कल दामदुपटीने खपवणारे विक्रेतेही होते. व्हीएचएसच्या काळात हा बाजार आणखी फोफावला.

मालकांचं धोरण मात्र धरसोडीचं राहिलं. जपानी सैनिकांवरचं ‘बग्ज बनी निप्स द निप्स’ हे १९९१ च्या लेझर डिस्कवर रीतसर आलं, जपानी-अमेरिकन मंडळींनी हरकत घेतल्यावर नंतरच्या प्रतींतून काढलं गेलं. २००१ च्या जूनमध्ये अमेरिकेत कार्टून नेटवर्क बग्ज बनीची झाडून सगळी कार्टून्स लावणार होतं. वरून आदेश आला आणि बारा गळली. २००५ मध्ये सूर बदलला. वॉर्नरच्या डीव्हीडींवर कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी प्रास्ताविक केलं: हे चित्रण तेव्हाही चुकीचं होतं, आजही आहे, पण ते नव्हतंच असं भासवणं बरोबर नाही. हा मार्ग मला पटतो. पण त्यावर वॉर्नर टिकली नाही. २०१३ मध्ये टॉम अँड जेरीच्या संचातून दोन कार्टून्स वगळायचं ठरलं, चाहते खवळले आणि शेवटी अख्खा संचच रद्द झाला.

त्या अकरांपैकी आठ कार्टून्स एप्रिल २०१० मध्ये हॉलिवूडमध्ये, टीसीएम या जुन्या सिनेमांच्या वाहिनीच्या महोत्सवात, दुरुस्त केलेल्या प्रतींवरून दाखवली गेली. डोनाल्ड बोगल या कृष्णवर्णीय सिनेमाभ्यासकांनी आधी भूमिका मांडली. दुरुस्तीचा खर्च झाला, प्रती तयार झाल्या, सभागृहात दाखवल्या गेल्या. पण अकरांचा अधिकृत संच घरी बघायला अजून आलेला नाही. नेटवर फिरतात त्या बहुतांश जुन्या १६ एमएमच्या आणि टेपच्या नकला.

अमेरिकन कायद्यानुसार त्या काळातलं, कॉपीराइटचं नूतनीकरण केलेलं काम ९५ वर्षांनी मोकळं होतं. त्या हिशोबाने अकरांतलं सर्वांत जुनं, १९३१ चं ‘हिटिन द ट्रेल फॉर हॅलेलुया लँड’, १ जानेवारी २०२७ ला खुलं होईल आणि ‘कोल ब्लॅक’ला २०३९ उजाडेल. मात्र कॉपीराइट संपला म्हणून वॉर्नरने आपल्या दुरुस्त प्रती कुणाला द्यायलाच हव्यात असं नाही. ज्याला ती कार्टून्स स्वतः काढायची असतील त्याला तोवर व्हिनेगर न धरलेली, कडेच्या खुणांवरून जुनी ठरणारी एखादी टेक्निकलर प्रिंट कुणाकडे आहे याचा शोध आतापासूनच घ्यावा लागेल.