शेवंतीला अंधार हवा

एकाच झाडाच्या फुटव्यांपासून लावलेल्या शेवंतीच्या दोन कुंड्या माझ्या गॅलरीत होत्या. माती तीच, खत तेच, पाणी घालणारा हातही तोच. दिवस लहान व्हायला लागले तशी कोपऱ्यातली कुंडी कळ्यांनी लगडली. दारापाशी असलेली मात्र नुसतीच हिरवीगार वाढत राहिली. तिला जास्तीचं खत घातलं, शेंडे खुडले, कीड शोधली. दोष तिच्या डोक्यावर होता: रात्रभर जळणारा दारातला दिवा.

हे कोडं शंभर वर्षांपूर्वीच सुटलंय, तेही तंबाखूच्या निमित्ताने. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलर्ड 'मेरीलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूने हैराण झाले होते. उन्हाळ्यात शेतात ती माणसाच्या डोक्यावर जाई, पण फुलायचं नाव नाही. हिवाळ्यात काचघरातली तीच रोपं मात्र फुलत. मग त्यांनी भर उन्हाळ्यात रोपं रोज काही तास अंधारात ठेवून दिवस लहान केला, आणि रोपं फुलली. हे त्यांनी 1920 साली प्रसिद्ध केलं. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर प्रयोग केले, तेव्हा खरी गंमत कळली. दिवसा मधेच थोडा अंधार केला तर त्या तणाला काही फरक पडत नव्हता, पण लांब रात्रीत मधेच थोडा वेळ उजेड पाडला की फुलणं बंद. म्हणजे झाड दिवस मोजत नाही, सलग रात्र मोजतं. पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य हे काम करतं आणि त्याला लाल उजेड पटकन कळतो. घरातल्या पिवळसर दिव्यात तो भरपूर असतो.

मला आधी वाटलं, झोपताना दिवा बंद केला की झालं. पण अकराला दिवा मालवला तर शेवंतीच्या लेखी दिवस अकरालाच मावळला; उरलेली रात्र तिला अपुरी. तेव्हा कुंडीच हलवावी. जागा नसेल तर संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत जाड काळं कापड किंवा खोकं घालून झाकावी. कळ्यांना रंग दिसेपर्यंत हे रोज करावं लागतं, एखाद दिवशी आळस केलेला चालत नाही. पॉइन्सेटियाची पानं लाल करायची असली तरी हाच उपाय.

सगळ्या झाडांचं असं नसतं. टोमॅटो नि काकडीला रात्रीच्या लांबीशी फारसं देणंघेणं नाही. पालकाचं उलट आहे. दिवस मोठे झाले की त्याला तुरे येतात, मग पानं कमी आणि कडू. अशा वेळी खत घालून उपयोग नाही, उपटून पुन्हा पेरायचं ते दिवस लहान होऊ लागल्यावर.

ऋतूप्रमाणे पाणी बदलायचं हे सगळे सांगतात, कारण मात्र कुणी सांगत नाही. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी पानांतून वाफ होऊन उडतं. थंडीत किंवा ढगाळ हवेत हे उडणं मंदावतं. आपण मात्र सवयीने तांब्याभर ओततच राहतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, आणि पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी हळू सरकतो. मुळं गुदमरून कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत म्हणून पानं माना टाकतात, आणि ते पाहून आपण आणखी पाणी घालतो!

त्यावर कुंडीच्या तळाशी खडे घालायचा जुना सल्ला आहे. तो मला पटत नाही. बारीक मातीने धरून ठेवलेलं पाणी खड्यांच्या मोठ्या फटींत सहजी उतरत नाही. जो चिखल तळाशी राहायचा तो खड्यांमुळे वर, मुळांजवळ येतो. भोकावर खापराचा तुकडा ठेवा आणि वरपर्यंत भुसभुशीत माती भरा.

उन्हाळ्यात दुपारी ओल्या मातीतलं झाडही मान टाकतं. मुळं पुरवतात त्याहून जास्त पाणी पानं उडवत असतात, एवढंच. संध्याकाळी ते आपसूक ताठ होतं. सकाळीही मलूल दिसलं तरच काळजी करावी. भर उन्हात पानावरचे थेंब भिंगासारखी पानं जाळतात, हाही गैरसमज. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये तपासून पाहिलं: गुळगुळीत पानांवर थेंब चपटे बसतात आणि उन्हाचा झोत एकवटतो तो पानाच्या खाली. लवदार पानांवर मात्र लव थेंबाला उचलून धरते, तिथे डाग पडू शकतो. तरी मी पाणी सकाळीच घालतो. उगाच वाफ कशाला करायची? आणि घालण्याआधी कुंडी एका बाजूने जराशी उचलून बघतो. जड लागली तर तांब्या तसाच परत.