अंगात ताप, तरी हुडहुडी का भरते?

मलेरियाचा ताप चढताना पाहिला असेल, तर ही विसंगती लक्षात आली असेल. थर्मामीटर 39 अंश सेल्सियस दाखवतो आणि रोगी दातावर दात वाजवत आणखी एक गोधडी मागतो. अंग पोळतंय, मग थंडी कसली?

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तिथून गेलेल्या रक्ताचं तापमान तो सतत तपासतो, त्वचेकडून येणारी खबरही घेतो, आणि शरीर 37 अंशांच्या आसपास राहील असं बघतो. संसर्ग झाला की प्रतिकारयंत्रणेच्या संदेशांमुळे तिथे प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं रसायन तयार होतं आणि हे लक्ष्यच वर सरकतं, समजा 39.5 वर. आता 38 अंशांचं शरीर मेंदूच्या हिशेबात गारठलेलं ठरतं! त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, काटा येतो, स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लॅंडिनची निर्मिती रोखतं, लक्ष्य खाली येतं आणि मग दरदरून घाम फुटतो. म्हणजे तापात यंत्रणा बिघडलेली नसते. ती वेगळ्या आकड्यासाठी तितक्याच चोख काम करत असते. तापाचा उपयोगही असावा. 1970च्या दशकात अमेरिकेत वाळवंटी इग्वाना या सरड्यांना जीवाणूंचा संसर्ग करून पाहिला, तेव्हा जास्त उबेत ठेवलेले प्राणी अधिक संख्येने जगले.

उष्माघात मात्र निराळा. तिथे लक्ष्य 37 वरच असतं, शरीर जिवाच्या आकांताने तिकडे परतू पाहतं, पण बाहेरची किंवा श्रमाची उष्णता त्याच्यावर मात करते.

एरवी ही यंत्रणा किती दमदार असते, ते ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स ब्लॅगडेन यांनी 1774 मध्ये लंडनला दाखवलं. सुमारे 127 अंशांपर्यंत तापवलेल्या कोरड्या खोलीत ते काही मिनिटं थांबले आणि धडधाकट बाहेर आले. तशाच तापलेल्या खोलीत ठेवलेली अंडी कडक झाली, मांस शिजलं. पाण्याचं भांडं ठेवलं तर पाणी वाफ होत राहिल्यामुळे उकळेना. वर तेलाचा थर दिल्यावर मात्र उकळलं. या पाण्याचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण घामाचं सगळं रहस्य त्यात आहे. एक लिटर घाम पूर्ण सुकला की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नुसतं बसून राहिलेलं शरीर तेवढी उष्णता तयार करायला जवळपास आठ तास लावतं.

अट एकच: घाम सुकला पाहिजे. नागपुरात मे महिन्यात कूलर जीव वाचवतो आणि मुंबईत तोच कूलर खोली नुसती दमट करतो, घामाचंही तसंच. दमट हवेत तो निथळून जमिनीवर पडतो, पाणी आणि मीठ दोन्ही जातं, गारवा मात्र मिळत नाही. म्हणून किनाऱ्यावरचे 36 अंश कमी आहेत म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं. उलट, रोज थोडं थोडं उन्हात काम केल्यास आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर लवकर घामेजू लागतं आणि घामातलं मीठही घटतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, किंवा थंड गावाहून येऊन लगेच उन्हात कामाला लागणाऱ्यांना म्हणूनच जास्त जपावं लागतं.

शरीराचं तापमान 40 च्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर उष्माघात समजावा. त्वचा कोरडीच असेल असं नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात माणूस घामाने चिंब असू शकतो. इथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही, कारण खाली आणायला वर सरकलेलं लक्ष्यच नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, जोरात वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका.